वारं लागलेली वाइन

आपल्याकडे कुणी परदेशी जाऊन बदलला, की "त्याला तिकडचं वारं लागलं" असं म्हणतात. त्यात कौतुक क्वचितच असतं. बहुतेक वेळा या वाक्यानंतर बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो आणि पुढचे शब्द येतात, "घेतो म्हणे!" मंडळी, हा लेख वारं लागण्याविषयीच आहे, पण ते मला नव्हे, बाटलीतल्या वाइनला. ज्यांना हा विषय स्मरणिकेत मुळीच नको वाटेल, त्यांनी मधली पानं सोडून थेट शेवटाकडे जावं. तिथे त्यांच्यासाठी चहा ठेवला आहे.

रिंगास्किडी हे गाव कॉर्क शहरापासून पंधराएक किलोमीटरवर, बंदराच्या काठी आहे. पर्यटकांनी मुद्दाम यावं असं ते नाही. औषधांचे कारखाने (फायझर इथे १९६९ पासून आहे), टेकडीवरचा जुना मार्टेलो बुरूज, पूल ओलांडला की हॉलबोलिनवरचा नौदलाचा तळ, आणि समोर पाण्यात स्पाइक बेट. आपल्यातले अनेकजण इथे कामाला येतात ते या कारखान्यांमुळे. पण उन्हाळ्यात या गावाचं आणखी एक रूप दिसतं. फ्रान्सच्या रॉस्कॉफ बंदरातून ब्रिटनी फेरीज कंपनीची बोट इथे लागते आणि तिच्या पोटातून गाड्यांची रांग बाहेर पडते. गाड्यांच्या टपावर सायकली, मागच्या सीटवर पेंगुळलेली मुलं. आणि डिकी? ती इतकी खाली दबलेली, की आत काय आहे हे विचारावं लागत नाही.

या बोटीचा इतिहास महाराष्ट्रातल्या माणसाला आवडेल असा आहे. ब्रिटनीतल्या शेतकऱ्यांनी आपला फ्लॉवर आणि आर्टिचोक इंग्लंडच्या बाजारात नेता यावा म्हणून १९७३ साली स्वतःच ही बोटसेवा उभी केली. म्हणजे आपल्या सहकारी चळवळीचीच एक लांबची बहीण. कॉर्कची फेरी १९७८ पासून. फ्लॉवर नेणाऱ्या बोटी पुढे माणसं नेऊ लागल्या, आणि माणसं परतताना वाइन आणू लागली.

का आणतात, त्याचा हिशेब सोपा आहे. आयर्लंडमध्ये वाइनच्या नेहमीच्या बाटलीवर ३.१९ युरो अबकारी कर आहे. बाटली आठ युरोची असो की ऐंशीची, हा आकडा तोच. त्यावर २३ टक्के व्हॅट. म्हणजे दुकानात तुम्ही १० युरोची बाटली घेतली, तर ३.१९ अबकारीचे आणि १.८७ व्हॅटचे, असे ५ युरो ६ सेंट सरकारजमा. उरलेल्या पाचांत दुकानदार, घाऊक व्यापारी, वाहतूक, काच, बूच, लेबल आणि सगळ्यांत शेवटी द्राक्षं पिकवणारा शेतकरी. फ्रान्समध्ये हाच अबकारी कर बाटलीमागे काही सेंटच आहे. स्वतःच्या वापरासाठी माणशी ९० लिटरपर्यंत वाइन आणली, तर सहसा कुणी प्रश्न विचारत नाही. ९० लिटर म्हणजे १२० बाटल्या! आम्ही आणतो त्या बारा. एक खोकं, बास.

त्या खोक्यातली माझी आवडती बाटली म्हणजे मादिराँ. नैऋत्य फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याकडे हा लहानसा मुलूख आहे. १९४८ साली त्याच्या नावाला कायदेशीर संरक्षण मिळालं. बोर्दोसारखा दबदबा नसल्यामुळे चांगली मादिराँ तिकडच्या सुपरमार्केटात आठ-दहा युरोंत मिळून जाते. तिच्यातलं मुख्य द्राक्ष तानात. टॅनिन या शब्दाशी त्याचं नाव जोडलेलं आहे, यातच सगळं आलं. हे द्राक्षही आपल्यासारखंच परदेशी गेलेलं. पास्कुआल आरियाग नावाच्या बास्क गृहस्थाने १८७० च्या दशकात ते उरुग्वेत लावलं, आणि आज ते त्या देशाचं मानाचं द्राक्ष आहे.

आता चव. बूच काढून लगेच ओतलेली तरुण मादिराँ पहिल्या घोटाला कुणालाही आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. रंग इतका गडद, की पेल्यापलीकडचा दिवा दिसत नाही. वास बंद-बंद, त्यात नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीची झाक. घोट घेतला की आधी आंबट लागतं, आणि मग हिरड्या, गाल, जिभेचे काठ सगळं एकदम आकसतं. कच्चं केळं चावावं तसं. आमच्याकडे आलेले एक कोल्हापूरकर पहिल्या घोटानंतर म्हणाले होते, "ही भांडी घासायला चांगली आहे."

इथेच मला आपल्या भाषेचा अभिमान वाटतो. इंग्रजीत या संवेदनेला रोजच्या वापरातला शब्द नाही. वाइनवर लिहिणारे "पकडणारी", "घट्ट", "चामड्यासारखी" असे शब्द शोधत बसतात. शिवाय त्यांच्या परिभाषेत "कोरडी" म्हणजे गोड नसलेली, त्यामुळे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे एकच शब्द आहे आणि तो पहिलीतल्या मुलालाही कळतो : तुरट. आयुर्वेदाने तर सहा रसांत त्याला मानाने बसवलं आहे. मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त आणि सहावा कषाय, म्हणजे तुरट. आवळा, जांभूळ, हिरडा, सुपारी, काथ यांच्यावर वाढलेल्या जिभेला टॅनिनची ओळख फ्रेंचांनी करून द्यायची गरज नाही. वाइनच्या जाणकारांपुढे आपण उगीच बुजतो. या एका बाबतीत आपलं शिक्षण त्यांच्याआधी झालेलं असतं.

हे टॅनिन येतं द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि काही प्रमाणात लाकडी पिंपातून. तोंडात गेल्यावर ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. लाळेचा बुळबुळीतपणा गेला की जीभ आणि गाल एकमेकांवर घासतात. तीच ती तुरट भावना. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर ही चव कमी आणि स्पर्श जास्त.

मग या वाइनचं करायचं काय? तर तिला वारं द्यायचं. बाटली उघडून सगळी वाइन पसरट बुडाच्या काचेच्या भांड्यात ओतायची आणि दोन-तीन तास तशीच ठेवायची. या भांड्याला डिकँटर म्हणतात. त्यासाठी पन्नास युरोचं भांडं मुळीच लागत नाही. आमच्याकडे सरबताचा काचेचा जग आहे, तो उत्तम काम करतो. पण डिकँटरचा विषय निघालाच आहे, तर कॉर्ककरांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट सांगतो. वॉटरफर्डच्या काचेचं नाव जगभर झालं, पण १७८३ साली कॉर्क शहरातही काचेचा कारखाना सुरू झाला होता आणि त्याचे डिकँटर नावाजलेले होते. त्यांतल्या काहींच्या बुडाशी "कॉर्क ग्लास कंपनी" अशी अक्षरं साच्यातूनच उमटवलेली असत. आज ते जुन्या वस्तूंच्या लिलावात दिसतात. त्या काळी इंग्लंडमध्ये काचेवर कर होता आणि आयर्लंडमध्ये नव्हता, म्हणून हा धंदा इथे फोफावला. तो कारखाना १८१८ साली बंद पडला. पुढे १८२५ साली आयरिश काचेवरही कर बसला आणि उरलेल्या धंद्यालाही उतरती कळा लागली. तेव्हा काच आणि आता वाइन, दोन्हींच्या वाटा कराच्या आकड्यांनी ठरवल्या.

वाऱ्याने नेमकं काय होतं, यावर जाणकारांचं एकमत नाही. बंद बाटलीत गंधकाची काही संयुगं साचलेली असतात. काडेपेटीचा तो वास त्यांचाच. हवा लागली की ती उडून जातात आणि मागे दबलेला फळाचा वास वर येतो. इथपर्यंत फारसा वाद नाही. टॅनिन मात्र दोन-तीन तासांत रासायनिकदृष्ट्या फारसं बदलत नाही. फळाचा वास वाढल्यामुळे आपल्याला तुरटपणा कमी वाटतो, एवढंच. बोर्दोचे प्रख्यात प्राध्यापक एमिल पेनो (१९१२–२००४) तर म्हणत, की तळाशी गाळ असेल तरच वाइन दुसऱ्या भांड्यात ओतावी, तीही अगदी वाढायच्या वेळी. उगाच हवा दिली तर सुगंध वाया जातो. नाजूक, वय झालेल्या वाइनबद्दल ते पटतं. पण मादिराँ नाजूक नाही. १९९० च्या सुमारास मादिराँमधल्याच पात्रिक द्युकुर्नो या वाइन करणाऱ्याने टाकीतल्या वाइनमधून प्राणवायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडून तिचा रांगडेपणा कमी करायची पद्धत काढली, आणि पुढे ती जगभर पसरली. म्हणजे या द्राक्षाला हवेची भूक आहे, हे त्याच्या गाववाल्यांनाही मान्य होतं.

आमचा पेशा सॉफ्टवेअरचा. "वाटतं" या शब्दावर भागत नाही, चाचणी लागते. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही ती घेतली. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या, एकाच खोलीत, एकाच तापमानाला. एक पाच वाजता उघडून जगात ओतली. दुसरी आठ वाजता, वाढायच्या क्षणी उघडली. प्रत्येकापुढे तीन पेले : दोन एका प्रकारचे, एक दुसऱ्या. कुठला वेगळा, एवढंच ओळखायचं. पेल्यांच्या बुडाशी चिकटवलेले आकडे फक्त बायकोला ठाऊक, आणि ती चाखणाऱ्यांत नव्हती. चाखणारे आठ. त्यांतल्या दोघांना गाडी चालवायची होती, त्यांच्यासाठी स्टीलची वाटी ठेवली. घोट तोंडात घोळवून त्यांनी वाटीत थुंकायचा. वाइनचे व्यावसायिक परीक्षक हेच करतात, पण आपल्या माणसांना ते करताना पाहून मुलांची हसून मुरकुंडी वळली.

आठांपैकी पाचांनी वेगळा पेला बरोबर ओळखला. नुसत्या अंदाजाने सरासरी दोन-तीन जणांचं बरोबर यायला हवं होतं. पाच किंवा त्याहून जास्त जणांचं निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे नऊ. म्हणजे संख्याशास्त्रज्ञ याला पुरावा म्हणणार नाही, पण हसण्यावारीही नेणार नाही. ओळखलेल्या पाचांपैकी चौघांना वारं लागलेली वाइन आवडली. तिच्यात काडेपेटीचा वास नव्हता. जांभूळ होतं, काळ्या मनुका होत्या, मागे थोडासा काथ. तुरटपणा होता, पण विड्यात असतो तसा, आपल्या जागी. पाचव्याने ठामपणे ताजी उघडलेली निवडली. "तुरट आहे म्हणूनच तर मजा," असं त्याचं म्हणणं. हा गृहस्थ जेवणानंतर सुपारी चघळणारा, तेव्हा आम्ही वाद घातला नाही.

जेवणाचंही सांगायला हवं. मादिराँच्या मुलखात ती बदकाच्या चरबीत शिजवलेल्या मांसाबरोबर पितात, आणि त्याला कारण आहे. प्रथिनं आणि स्निग्धता मिळाली की टॅनिन त्यांना चिकटतं आणि आपल्या गालांना सोडतं. आपल्या तांबड्या रश्शाबरोबर मात्र तिचं जमत नाही. तिखटाने आधीच पोळलेल्या तोंडाला टॅनिन आणखी झोंबतं आणि मद्यार्काची आग वाढते. बेताच्या तिखटाचं सुकं मटण, भरपूर दाण्याचं कूट घातलेली भरली वांगी, किंवा वेस्ट कॉर्कचं गबीन चीज यांच्याबरोबर ती छान लागते.

त्या शनिवारी घरात एक नववी परीक्षक होती. माझी आई. ती तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आईच्या माहेरी तिच्या एका काकांनी दारूपायी शेत घालवलं आणि नंतर स्वतःलाही. त्यामुळे तिच्या लेखी दारू, वाइन, बिअर हे सगळं एकच, आणि त्या एकाचं नाव घरात काढायचं नाही. भारतातून आईवडील यायचे म्हटलं, की बाटल्या माळ्यावर जातात, हे आपल्यापैकी किती घरांत होतं ते मी विचारत नाही. आमच्याकडे त्या वेळी त्या गेल्या नाहीत. पाच वाजता मी वाइन जगात ओतली तेव्हा आई तिथेच वाटाणे सोलत बसली होती. तिने काही विचारलं नाही. आठ वाजता जगाजवळ वाकून तिने वास घेतला आणि म्हणाली, "जांभळं पिकली की येतो तसा येतोय." आमच्यातल्या एकानेही तोवर जांभळाचं नाव काढलं नव्हतं. नंतर सगळ्यांनीच काढलं.

मंडळी गेल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "रोज लागते का रे?" मी म्हटलं, "नाही आई. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, चार माणसं आली की. आणि उघडल्यावर तीन तास थांबावं लागतं." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका थांबू शकत नव्हते. तुला थांबता येतंय तोवर ठीक आहे. थांबता येईनासं झालं तर मला नाही, हिला सांग." तिने मला परवानगी दिली असं मी समजत नाही. तिने मला एक माप दिलं, आणि दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही मापापेक्षा ते पक्कं आहे.

त्या मापाची गरज या देशालाही आहे आणि आपल्या महाराष्ट्रालाही. कॉर्कच्या सेंट पॅट्रिक स्ट्रीटवर ज्यांचा पुतळा आहे, त्या फादर मॅथ्यूंनी १८३८ साली याच शहरातून दारूमुक्तीची शपथ द्यायला सुरुवात केली आणि लाखो लोकांनी ती घेतली. आपल्याकडे गाडगेबाबांनी कीर्तनातून तेच सांगितलं, आणि पुढे गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. (आपल्याकडे आडवी बाटली म्हणजे दारूबंदी, इथल्या वाइनच्या दुकानात आडवी बाटली म्हणजे जपून ठेवलेली. एकाच आसनाचे दोन अर्थ!) जानेवारी २०२२ मध्ये तर गंमतच झाली. महिन्याच्या सुरुवातीला, ४ तारखेला, आयर्लंडमध्ये दारूची किमान किंमत ठरवणारा नियम लागू झाला. मद्यार्काच्या दर ग्रॅमला १० सेंट, म्हणजे १३ टक्क्यांची बाटली साधारण पावणेआठ युरोंच्या खाली विकायचीच नाही. त्याच महिन्याच्या शेवटी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, आणि असा गदारोळ उठला की तो निर्णय काही अमलात आला नाही. आमचे एक नाशिककर स्नेही तेव्हा द्राक्षवाल्यांच्या बाजूने तावातावाने बोलत होते आणि त्यांचीच बायको गावाकडच्या बायकांच्या बाजूने. दोघांचंही खरं होतं, म्हणून तो वाद मिटला नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. लाल वाइन हृदयाला चांगली, अशी एक समजूत १९९० च्या दशकापासून पसरली आणि आपल्यातल्या अनेकांनी ती सोयीस्करपणे उचलली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलं आहे, की मद्याचं कुठलंही प्रमाण पूर्णपणे निर्धोक नाही. तेव्हा जो घेईल त्याने चवीसाठी घ्यावी, बेताने घ्यावी आणि औषधाचं नाव पुढे करू नये. औषधच हवं असेल तर आजीचं द्राक्षासव आहे, तेही चमच्याने मोजून!

आणि आता, कबूल केल्याप्रमाणे चहा. हाच प्रयोग मद्याच्या एका थेंबाशिवाय करता येतो आणि मुलांना घेऊनही करता येतो. चांगला कडक कोरा चहा करा, साखर घालू नका, दहा मिनिटं मुरू द्या. तो निवला की दोन कपांत ओता आणि एकात दोन चमचे दूध घाला. आधी कोरा चाखा. गाल आकसतील. तेच टॅनिन. मग दुधाचा चाखा. दुधातल्या प्रथिनांनी टॅनिन धरून ठेवलेलं असतं, म्हणून तो मऊ लागतो. आमच्या धाकट्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आजी रोज डिकँटिंग करते!" शास्त्र थोडं वेगळं आहे, पण मी दुरुस्ती केली नाही.

ज्यांना मादिराँ करून पाहायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : बाटली पाच वाजता उघडा, जगात ओता, जेवायला आठ वाजता बसा. तळाशी गाळ दिसला तर शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या. गाडी चालवणाऱ्याला वास पुरे. आणि मधल्या तीन तासांत काय करायचं हा प्रश्न पडला, तर वाटाणे सोलायला बसा.